घरटी एक लाकूड

या लेखात कुणाचंही नाव येणार नाही. ज्याच्याविषयी लिहायचं आहे त्याला आमच्या गावाने इतक्या वर्षांत एकदाही त्याच्या नावाने हाक मारली नाही. मग गावातल्या बाकीच्यांची नावं छापून मी त्यांचा मान कशाला वाढवू?

मी हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त आहे. नवरा गेला, मुलगी पुण्याला असते, आणि मी सासरच्या गावात एकटी राहते. माहेर म्हणाल तर केळशीकडचं, पण लहानपण गेलं पोफळीला. वडील तिथे वीजघरात होते. कॉलनीत कोण कुठला हे कुणी धड सांगू शकत नसे. शेजारी तेलुगू, समोर बिहारी, मागे साताऱ्याचे. त्यांच्यातलं कुणी गेलं की कॉलनीतले बापये जमायचे, कुठून तरी ट्रक यायचा आणि संध्याकाळपर्यंत सगळं उरकायचं. सगळीकडे असंच असतं, असं मला लग्न होईपर्यंत वाटत होतं.

आमच्या गावात माणूस मेला की पहिला प्रश्न येतो, कनच्या वाडीचा? वाडी म्हणजे एका जातीच्या, एका भावकीच्या घरांचा पुंजका. पाण्याचा नळ वाडीचा, रस्त्यावरचा दिवा वाडीचा, आणि स्मशानही वाडीचंच. गाव एवढंसं, पण जळायच्या जागा वेगवेगळ्या. बौद्धवाडीला शेड मंजूर झाल्याचं मी अनेक वर्षं ऐकते आहे. ती शेड कुठे गेली हे कुणाला विचारलं तर तो आभाळाकडे बघतो.

पण या वाडीपणात एक चाल मात्र अशी आहे, की तिच्यावर माझा जीव होता. कुणी गेल्याचं कळलं की वाडीतल्या प्रत्येक घरातून एक पुरुष खांद्यावर लाकूड घेऊन निघतो. घरटी एक लाकूड. निरोप धाडावा लागत नाही. माझा नवरा गेला त्या दुपारी मी ओटीवर बसून ती लाकडं अंगणात येताना पाहिली आहेत. आंब्याची, फणसाची, किंजळीची. ज्या घराशी आमचा बांधावरून कोर्टात दावा चालू होता, त्या घरातूनही एक ओंडका आला. आणणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही, लाकूड ठेवलं आणि बाजूला जाऊन उभा राहिला. त्या दिवशी मला या गावात आल्याचं सार्थक वाटलं होतं.

तेव्हाची ती भावना आठवली की आता माझ्या अंगावर शहारे येतात, आणि ते चांगले नसतात.

माझ्या पुतण्याची हापूसची बाग कातळावर आहे, माझ्या तुकड्याला लागून. मध्ये एक गडगा आहे, चिऱ्यांचे तुकडे रचून केलेला, तोही पडझड झालेला. त्या बागेत एक नेपाळी जोडपं राखणीला होतं. आमच्याकडे सगळ्या बागांत असतात तसंच. वाडीतली तरणी पोरं मुंबईला, मग माकडं हाकायला, फवारणी करायला, आंबे उतरवायला माणूस हवा ना? तो नेपाळातून येतो. त्याला गुरखा म्हणायचं. आधीचा गेला, नवा आला, तरी म्हणायचं गुरखाच. बाई असली तर गुरखीण. ती वाडीतल्या बायकांबरोबर पाला झाडता झाडता आमची बोली इतकी उचलून बसली होती, की पाठमोरी बोलली तर माझी जाऊच बोलते आहे असं वाटायचं. तोंड दिसलं की मात्र गुरखीण.

दोघं कातळावर चिऱ्याच्या खोपीत राहायची. मुलं तिकडे डोंगरात आजीजवळ. तो अबोल होता, आणि थोडा चिडकाही. माझ्या कुत्र्याशी त्याचं वाकडं होतं. मला तो फार आवडायचा असं काही नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण तो गेल्यावर सगळ्यांना एकदम तो किती चांगला होता हे आठवलं, आणि त्या चांगुलपणाचा कुणाला काही उपयोग झाला नाही.

दरवर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधी तालुक्याच्या ठाण्यात या सगळ्यांची हजेरी असते. बागायतदारांनी आपापले गुरखे गाडीत घालून न्यायचे. बागायतदार खुर्चीवर, गुरखे अंगणात उकिडवे. एकेकाचा समोरून फोटो, बाजूने फोटो. एकदा पुतण्याबरोबर मी गेले होते. मी हवालदाराला विचारलं, यांनी काय केलं आहे? तो म्हणाला, अजून काही नाही. तो माझाच विद्यार्थी निघाला, वाकून नमस्कार केला आणि माझ्यासाठी चहा मागवला. त्या चहाला मला कसली चव लागली ते लिहीत नाही.

एका वर्षी शेजारच्या बागेतून आंबा चोरीला गेला. पहिली झडती याच्या खोपीची. तिचं ट्रंकेतलं लुगडं बाहेर, तांदूळ बाहेर, देवाची तसबीर पालथी. पुढे चोर सापडला, तो आमच्याच वाडीतला, आणि त्याला गावकीत बसवून, समजावून, पोटात घालून घेतलं. पोर आपलंच आहे म्हणाले. खोपीत जाऊन कुणी तसबीर सरळ करून आलं नाही.

टीव्हीवर परदेशातल्या काळ्या-गोऱ्यांच्या बातम्या लागतात तेव्हा आमच्याकडे लोक हळहळतात. काय हा वंशभेद, म्हणतात. आमच्याकडे वंशभेद नाही. आमच्याकडे पद्धत आहे.

वैशाखात, हंगाम ऐन भरात असताना, तो झाडावरून पडला. हातात झेला होता, आंबे उतरवायची जाळीची काठी, आणि फांदी पिचलेली निघाली. पुतण्याने जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं, पण घाटीतच सगळं आटोपलं होतं. शवविच्छेदन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. तिथल्या स्मशानात दहन करावं म्हणून पुतण्या विचारायला गेला, तर तिथले म्हणाले, मयत तुमच्या हद्दीतलं आहे, आपल्या गावी न्या. मग अ‍ॅम्ब्युलन्समधून मढं घेऊन भर दुपारी तो गावात आला आणि ग्रामपंचायतीसमोरच्या वडाखाली गाडी लावली. कारण कुठल्या रस्त्याला वळायचं हे त्याला कळेना.

मी गेले तेव्हा ती गाडीच्या दाराशी बसली होती. तिचं मागणं साधं होतं. त्याला पाण्याच्या जवळ अग्नी मिळावा, आणि तो धाकट्या भावाने द्यावा. भाऊ दाभोळच्या एका बोटीवर खलाशी होता. बोट समुद्रात होती, निरोप गेला होता, उन्हं कलायच्या सुमाराला तो पोहोचणार होता. तोवर जागा ठरून सरण रचून व्हायला हवं होतं, कारण वैशाखातलं ऊन आणि चिरलेलं शरीर, त्याला फार वेळ मिळत नाही. सूर्य बुडायच्या आत व्हायला हवं एवढंच ती पुनःपुन्हा म्हणत होती.

आमच्या वाडीची शेड खाडीच्या तोंडाशी आहे. पत्रे आहेत, लोखंडी चौथरा आहे, बसायला बाक आहेत, पलीकडे पाणी. सरकारी पैशातून झालेली. तिच्यावर पाटी आहे, सार्वजनिक स्मशानभूमी, सर्वांसाठी खुली. मी सरळ म्हटलं, तिकडेच न्या, त्यात विचारायचं काय?

सरपंच पंचायतीच्या पायरीवर उभा होता. माझाच विद्यार्थी. नागरिकशास्त्रात चांगले गुण मिळवायचा, समानतेच्या हक्कावर टीप लिहा म्हटलं की पान भरून लिहायचा. तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, तुमच्या मामंजींना विचारूया."

मामंजी म्हणजे माझे चुलतसासरे, आमच्या वाडीचे मानकरी. ते आधीच येऊन वडाच्या पारावर बसले होते. ते वाईट नाहीत. मी बाळंतीण असताना माझ्यासाठी त्यांनी पावसात खाडी ओलांडून वैदू आणला होता. ते मला जवळ बोलावून अगदी हळू म्हणाले, "बाय, मानूस चांगला होता. आमचा काय वैर नाय. पन तो कनच्या वाडीचा, ता सांग."

"कुठल्याच नाही. कातळावर राहायचा."

"मंग कनच्या शेडीत जाळाचा?"

हे त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं. त्यांच्या डोक्यात खरोखरच त्याच्यासाठी जागा नव्हती. पाणी कुठल्या नळावर भरायचं यासाठी नव्हती, आणि जळायचं कुठे यासाठीही नव्हती. त्यांनी अडवलं नव्हतं, फक्त बसवून पाहिलं होतं आणि तो कुठेच बसत नव्हता.

मी सरपंचाकडे वळले. "पाटी वाच. काय लिहिलंय तिच्यावर?"

"बाई, पाटी सरकारी आहे," तो म्हणाला. "शेड वाडीची आहे."

ग्रामसेवक दारात उभा होता. तो घाटावरचा, त्याचा आमच्या वाड्यांशी काही संबंध नाही, कायदा त्याच्या बोटांवर असतो. मला वाटलं, हा तरी बोलेल. तो म्हणाला, "मॅडम, स्थानिक रूढीत प्रशासनाला पडता येत नाही. तुम्ही ग्रामसभेत विषय घ्या, ठराव करून घ्या, मग आपण बघू."

"मढं ग्रामसभेपर्यंत टिकेल का?" मी विचारलं.

तो म्हणाला की नियम त्याने केलेले नाहीत. मग आत जाऊन पंख्याखाली बसला. मी आयुष्यभर पोरांना पंचायत राज शिकवलं, आकृत्या काढून, बाण दाखवून. ते बाण त्या दुपारी मला त्या पंख्याखाली जाऊन संपलेले दिसले.

पारावर माणसं जमली होती. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, सगळे हळहळत होते. हळहळण्यात आमचा गाव कुणाला हार जाणार नाही. कुणीतरी गाडीच्या ड्रायव्हरला ताकही आणून दिलं. मग मामंजींनी तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तुमची जात काय गे?"

तिने सांगितली. तिच्या मुलखात ती वरची समजतात. आणि मला लिहायला लाज वाटते, पण ते ऐकून क्षणभर मला सुटल्यासारखं झालं. वाटलं, चला, मिटलं. पारावरचे एकमेकांकडे बघायला लागले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "ता तिकडं. हिकडं तेचा काय?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे खालची सांगितली असती तर खालची म्हणून नाही, वरची सांगितली तर तिकडची म्हणून नाही. मग विचारलंच कशाला? तिच्या तोंडून वदवून घ्यायची हौस, दुसरं काय? मला त्या पारावर थुंकावंसं वाटलं. शिक्षकी पेशाने तोंडाला जे वळण लावलं आहे त्याने मी थांबले.

"आणि समजा, दिली शेड," मामंजी म्हणाले, "तरी लाकूड कोन घालील? घरटी लाकूड वाडीच्या मानसाला. हेच्यासाठी मी कुनाला सांगू? आनी सांगून कोन घातलाच नाय, तर तेची शोभा व्हनार नाय काय?"

त्याची शोभा होऊ नये म्हणून. खरंच असं म्हणाले. माझी लाडकी चाल त्यांनी माझ्यासमोर अशी उलटी करून ठेवली, आणि तिचं पोट मला पहिल्यांदा दिसलं. लाकूड मेलेल्यासाठी कधीच नव्हतं. ते वाडी मोजायला होतं. दाव्यातल्या घरानेही माझ्या नवऱ्यासाठी ओंडका आणला, तो त्याच्यावरच्या मायेने नाही. आम्ही एकमेकांच्या उरावर बसलो तरी कुंपणाच्या आतले आहोत, एवढंच सांगायला आणला.

ड्रायव्हर घड्याळाकडे बघत म्हणाला, त्याला तिन्हीसांजेच्या आत परत जायचं आहे. पुतण्या घामाने भिजला होता. मी त्याला म्हटलं, "तुझ्या बागेत दे अग्नी. तुझ्याच झाडावरून पडलाय."

"काकू, तू म्हणतेस ते खरं आहे," तो म्हणाला. "पण बागेत जाळलं तर वाडीचे गडी झाडावर चढायचे नाहीत. अर्धा आंबा वर आहे अजून."

ती हे सगळं ऐकत होती. उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, पुरे झाला. आता कुनाकडं मागू नका. माजा मानूस हितं उनात हाय."

मग मी म्हटलं, माझ्या कातळावर न्या. माझ्या तुकड्याच्या खालच्या अंगाला व्हाळ आहे, लहानसा ओढा. वैशाखात तो आटतो, पण एका कोंडीत, डोहासारख्या खळग्यात, पाणी राहतं. तेवढं पाणी तिला पुरलं. पुतण्याने तोडून ठेवलेली आंब्याची लाकडं टेम्पोतून पाठवली, बरीच पाठवली, हात आखडला नाही. स्वतः मात्र गडग्याच्या पलीकडे उभा राहिला. आसपासच्या बागांतले त्याच्या मुलखातले लोक आले. अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर एवढा वेळ कुरकुरत होता, त्याने आपणहून शर्ट काढून ठेवला आणि खांदा दिला. भाऊ दाभोळहून आला तो अंगाला मासळीचा वास घेऊनच. कोंडीत बुडी मारून ओलेत्याने त्याने अग्नी दिला. ऊन तेव्हा ताडांच्या शेंड्यांवर होतं. बायकांनी स्मशानात जायचं नसतं, पण ती तिथे उभी होती आणि मीही होते. आम्हाला अडवायला तिथे वाडीचं कुणी नव्हतंच. मी घरून एक लाकूड नेलं होतं, फणसाचं. ते मी त्याच्या पायाशी ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून लोक माझ्याकडे यायला लागले. बाई, तुम्ही होतात म्हणून निभावलं. बाई, गावाची अब्रू राखलीत. मामंजींनी घरच्या गाईचं तूप पाठवलं. सगळ्यांच्या तोंडावर इतकी सुटका होती, की मला कळेना मी कुणाला मदत केली. त्या बिचारीला की यांना? त्यांनी नाही म्हणायचं, मी जागा द्यायची, आणि दोघांनी मिळून माणुसकीचा जेवणावळीसारखा आनंद घ्यायचा, असा तो हिशेब झाला होता. सव्वीस जानेवारीला माझ्याच शाळेत माझा सत्कार ठेवला होता. मी पोट बिघडल्याचं कळवलं.

त्यानंतरच्या ग्रामसभेत ठराव झाला. एकमताने. बाहेरून आलेल्या कामगारांसाठी स्वतंत्र दहनशेड उभारावी, आणि बाईंनी कातळावरची जागा बक्षीस देऊन सहकार्य करावं. सरपंच स्वतः घरी आला. पेढे आणले होते. मला म्हणाला, "बाई, आपल्या तालुक्यात अशी सोय कुठेच नाही. आपण पहिले."

मी विचारलं, "पाटीवर काय लिहिणार?"

"तेच. सार्वजनिक स्मशानभूमी, सर्वांसाठी खुली. सरकारी योजना आहे ना, दुसरं काही लिहिता येत नाही."

तो हे हसत म्हणाला नाही, टोमणाही मारला नाही. त्याला यात काही वावगं दिसतच नव्हतं. मी त्याला पेढ्यांसकट बाहेर काढलं. जागा देणार नाही म्हणून सांगितलं. हवी तर खाडीवरची शेड उघडा, पाटीवर लिहिलंय तशी. तो उंबऱ्याशी थांबून दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "बाई, मग पुढच्या वेळी आम्ही काय करायचं ते तुम्हीच सांगा."

मी आठवडेच्या आठवडे माझ्या त्या नकारावर खूश होते. आपण तत्त्वाला जागलो असं वाटायचं. मग नव्या हंगामाला ती मुलखातून, मुलांकडून परत आली. पुतण्याच्या बागेत नाही, पलीकडच्या बागेत, दिराबरोबर. त्याने बोट सोडली होती. ती आधी व्हाळाशी जाऊन आली, मग माझ्याकडे ओटीवर येऊन बसली. चहा घेतला. ठरावाचं तिला आधीच कळलं होतं, बागांतून बातमी लवकर फिरते.

"बाई, तुमी जागा देत नाय म्हनं."

मी तिला समजावलं. माझ्या वर्गात सांगायचे तसं, मुद्देसूद. मी जागा दिली तर तुम्हाला कायमचं वेगळं काढलं असं होईल. मोठी शेड सर्वांची आहे, तिच्यासाठी भांडलं पाहिजे. वरच्या कचेरीत अर्ज केला पाहिजे, मी करणार आहे. ती सगळं शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, "तुमी भांडा, बाई. बरा हाय ता. पन तवर आमच्यातला कोन मेला, तर तेला घेऊन मी परत त्या पाराकडं बसू काय?"

ती पुढे म्हणाली, "तेवढ्या वेळात माशा बसल्या हुत्या तेच्यावर. तुमी बोलत हुतात. मी वारीत हुते."

मी जागा दिली. सही केली तेव्हा ग्रामसेवकाने माझ्यापुढे शाईचं पेन स्वतः उघडून धरलं, इतका आदर. वरच्या कचेरीत मी अर्जही केला आहे. तिथून उत्तर आलं की गावात सर्वांसाठी दहनाची सोय उपलब्ध असल्याने तक्रारीत तथ्य दिसत नाही. म्हणजे मी दिलेल्या जागेनेच माझी तक्रार खोटी पाडली. ते उत्तर मी बक्षीसपत्राच्या नकलेला टाचून ठेवलं.

आता कातळावर शेड उभी आहे. पत्रे चांगले जाड आहेत. पाटी लागली आहे, निळ्यावर पांढरी अक्षरं, खाडीवरच्या पाटीसारखीच, अक्षर न अक्षर तीच. कुणालाही वाचून दाखवावं लागत नाही ती कुणासाठी आहे ते. वाडीतल्या बायका तिकडे गवताला जाईनाशा झाल्या आहेत. शाळेत जाणारी पोरं त्या वाटेला गुरख्यांचा रस्ता म्हणतात. मी पाहते, जे वडाच्या पारावर नुसतं माणसांच्या डोक्यात होतं, त्याला आता सिमेंटचा पाया आहे, आणि तो माझ्या सातबाऱ्यातून गेला आहे.

गेल्या महिन्यात मला छातीत दुखलं. विशेष काही निघालं नाही, वय झालंय एवढंच. पुतण्याच मला डॉक्टरकडे घेऊन गेला, परत आणलं, ओटीवर बसवलं, पाणी दिलं. पोराने माझं खूप केलं आहे. त्याचं लहानपण माझ्याच मांडीवर गेलं. मी म्हटलं, "हे बघ, मुलीला मी सांगून ठेवलंय, तुलाही सांगते. माझं काही झालं तर मला खाडीवर न्यायचं नाही. कातळावरच्या शेडीत न्या. पाटीवर सर्वांसाठी लिहिलंय, तर एक तरी इथला माणूस तिथे जळू दे."

त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याला कळलं. तो माझ्या पायाशी येऊन बसला, माझा हात हातात घेतला. त्याचे डोळे भरून आले होते.

"काकू, असं नको म्हणू," तो म्हणाला. "तिथे नेलं तर मला तुझ्यासाठी लाकूड घालता यायचं नाही."

हे तो अगदी मायेने म्हणाला.